शायझोफायलम आणि स्पायरोगायरा: तुलनेत नेमकं काय लिहायचं?

पानगळ: बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आंब्याच्या वाळक्या फांदीवरची शायझोफायलम कम्युन ही बुरशी आणि डबक्यातलं स्पायरोगायरा हे शेवाळ घेतलंय. जुन्या पुस्तकात दोन्ही थॅलोफायटातच (मूळ-खोड-पानं नसलेल्या साध्या वनस्पतींच्या जुन्या गटात) आहेत. ‘एकात हरितद्रव्य, दुसऱ्यात नाही’ यापलीकडे काय दाखवता येईल? शिवाय बुरशीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली नुसता काळा गोळा दिसतो.

ओलं लाकूड: थॅलोफायटा सोडा. बुरशी प्राण्यांची चुलत भावंडं, तर स्पायरोगायरा जमिनीवरच्या वनस्पतींचं अगदी जवळचं नातलग. बुरशीची पेशीभित्तिका कायटिनची, शेवाळाची सेल्युलोजची. साठवलेलं अन्न आयोडीनने दाखवा: स्पायरोगायरात हरितलवकाच्या पट्टीवरचे पायरिनॉइड (छोटे प्रथिनांचे ठिपके) निळे-काळे होतात, कारण त्यांच्याभोवती स्टार्च असतो. बुरशीत ग्लायकोजेन, तिथे निळं काही येणार नाही.

काळा गोळा म्हणजे काप जाड. बुरशीची टोपी २० मिनिटं पाण्यात भिजवा, गाजराच्या चिरेत धरून नव्या ब्लेडने कापा. काप ५% पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) थेंबात मिनिटभर ठेवा, मग टिपकागदाने पोटॅश पूर्ण टिपून घ्या (इथेच बहुतेकांचं चुकतं, अल्कलीत कॉटन ब्लू हा निळा रंग चढत नाही). लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लू घालून आच्छादन काच पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच दाबा. ४०एक्सवर आडभित्तीजवळ छोटी कडी दिसली की तोच क्लॅम्प (तंतूतल्या शेजारच्या दोन पेशींना जोडणारा बाक).

पाणवठा: खरी गंमत जीवनचक्रात आहे. दोघांतही द्विगुणी (गुणसूत्रांचे दोन संच असलेली) अवस्था एका पेशीपुरतीच. स्पायरोगायराचा तंतू एकगुणी (एकच संच असलेला). दोन तंतू समोरासमोर येऊन नळीने जोडले जातात, एका पेशीतला सगळा ऐवज दुसरीत सरकतो. त्यातून झालेला युग्मनज रुजताना अर्धगुणसूत्री विभाजन (संच निम्मे करणारं) होतं, चार केंद्रकांपैकी तीन मरतात, एकच नवा तंतू निघतो. बुरशीत दोन तंतू जुळले तरी केंद्रकं लगेच एक होत नाहीत, प्रत्येक पेशीत जोडीने राहतात. ही जोडी सांभाळायलाच क्लॅम्प असतो. मीलन थेट बॅसिडियममध्ये (बीजाणू तयार करणाऱ्या पेशीत), लगेच विभाजन, आणि चारही केंद्रकांचे चार बीजाणू. पोहायला कशाभिका मात्र दोघांकडेही नाही.

स्पायरोगायराचं हे जुळणं, म्हणजे संयुग्मन, बघायचं तर आटत्या डबक्यातला पिवळसर पडलेला थर आणा, गर्द हिरव्यात ते क्वचितच सापडतं. बाटलीत शेवाळ चिमूटभरच ठेवा. गच्च भरलं तर रात्रीत कुजून वास मारतं.

पानगळ: आभार. ‘शायझोफायलम लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) खाऊन लाकूड पांढरं करते’ असं लिहू का?

ओलं लाकूड: नको. ती पांढऱ्या कुजीच्या बुरशींत धरली जाते, पण लिग्निन फोडणारी पेरॉक्सिडेझ विकरं तिच्याकडे नाहीत. लिग्निनसाठी ट्रॅमेटिस या दुसऱ्या लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचं उदाहरण द्या. शायझोफायलमची खासियत टोपीखालचे दुभंगलेले पडदे: उन्हात आत वळतात, ओल्या कापसावर ठेवल्यावर काही तासांत पुन्हा उलगडतात. मग पडदे खाली करून टोपी काचपट्टीवर ठेवा, वर वाटी पालथी घाला. सकाळपर्यंत बीजाणूंची फिकट पूड पडलेली असते.