दोन टीव्हीचे केबलला 640 रुपये, फ्री डिश बसवू का?

पूर्वभागकर
मंडळी सल्ला पाहिजे. घरात दोन टीव्ही, बाहेरचा जुना डबा टीव्ही आईचा अन् आतला एलईडी बायकापोरांचा. केबलवाला दोन्हीचे मिळून महिन्याला 640 घेतो, पावती मागितली तर म्हणतो आपल्यात पावती कशाला ओ. आई विड्या वळत तेलुगू सिरियल बघती, म्हणजे नजर सुपातल्या पानावर अन् कान टीव्हीकडं, ते बंद झालं तर घरात राहणं अवघड. बायकोला मराठी. 2013 ला सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला तेव्हा वाटलं एकदाच खर्च, नंतर सुटलो. कुठलं काय. दूरदर्शनच्या फुकटातल्या फ्री डिशची छत्री बसवून मोकळं व्हावं का?

जुळेसोलापूरवाला
आम्ही बसवली की. बॉक्स, छत्री, वायर एकदाच घ्यायचं, महिन्याचं काही नाही. पण तेलुगूत दूरदर्शनचं यादगिरी, सप्तगिरी एवढंच समजा, सिरियलवाले पैशाचे चॅनल तिथं नाहीत, आई दोन दिवसांत तुम्हालाच छत्रीला बांधतील 😄 आणि गच्चीवर आग्नेयेला मोकळं आभाळ पाहिजे, आमच्या शेजाऱ्यानं मजला चढवला अन् सिग्नल गेला, छत्री पार पाण्याच्या टाकीवर न्यावी लागली. बॉक्स एमपेग-4 चाच, म्हणजे नव्या पद्धतीचा घ्या, जुन्यात चॅनल कमी येतात.

होटगीरोडकर
छत्रीचं नंतर, आधी 640 कशाचे ते बघा. 2019 ला ट्रायचा, म्हणजे केबल-फोनचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम आला तेव्हा 100 चॅनलचे 130 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे, हे नुसतं जोडणीचं भाडं. वर पैशाचे चॅनल वेगळे, तेव्हा झी मराठी 19 ला होतं, स्टार प्रवाह 9 ला. 2020 ला त्याच 130 त 200 चॅनल झाले अन् दुसऱ्या टीव्हीला भाड्याच्या 40 टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही असं ठरलं, म्हणजे 52 अधिक जीएसटी. जुलै 2024 ला 130 ची मर्यादाच काढली, त्यामुळं 640 चूकच असं म्हणता येत नाही. पण दोन्ही बॉक्सला एकच पॅक मारलाय का ते विचारा, बहुतेक तसंच असणार. वेगवेगळे चॅनल टाकता येतात, आईच्या बॉक्सवर नुसतं तेलुगू ठेवा. अन् डबा टीव्हीवर एचडी असेल तर आजच काढा, त्या टीव्हीला एचडी कळतच नाही.

पूर्वभागकर
होटगीरोडकर, पाय कुठं आहेत तुमचे! केबलवाल्याला घरी बोलावून यादी काढायला लावली तर आईच्या डबा टीव्हीवर एचडी स्पोर्ट्स निघालं, ते पण तीन चॅनल, वर इंग्रजी पिक्चरचा पॅक. सगळं काढून दोन्हीचे 455 झाले. छत्रीचं तूर्त राहू दे. आईला सांगितलं तर म्हणती एवढे दिवस पैसे भरलेत, मग क्रिकेट दाखवायचं की कधी.