मदत हवी आहे: मराठी वाचनासाठी किंडल, कोबो की टॅब्लेट?

सत्तरीतल्या वडिलांसाठी ई-रीडर (ई-पुस्तके वाचण्याचे उपकरण) घ्यायचा असून, २०२४ साली आलेले ७ इंची किंडल पेपरव्हाइट आणि कोबो लिब्रा कलर यांपैकी निवड करताना अनुभवी सभासदांचे मार्गदर्शन हवे आहे. त्यांच्या संग्रहात मराठी ईपब (ई-पुस्तकांचा एक फाइल-प्रकार) पुस्तके आहेतच, पण त्याहून अधिक भरणा जुन्या दिवाळी अंकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफचा आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. कारण अशा पानांतला मजकूर हे चित्रच असल्यामुळे त्याचा टंक वाढवता येत नाही, पानच मोठे करून सरकवत राहावे लागते. कोबो ईपब थेट उघडतो, तर किंडलवर ती ‘सेंड टू किंडल’ या अ‍ॅमेझॉनच्या सेवेमार्फत रूपांतरित होऊन जातात, या रूपांतरात मराठी जोडाक्षरे, विशेषतः रफार आणि ‘ऱ्य’, शाबूत राहतात का? लिब्राचा पडदा कृष्णधवल मजकुराला ३०० पीपीआय (दर इंचातील ठिपके, म्हणजे सुस्पष्टता) देत असला, तरी रंगीत चित्रांना १५०च देतो, त्यामुळे रंगासाठी जादा पैसे मोजणे मला तरी पटत नाही. पीडीएफसाठी १० इंची टॅब्लेटच बरा, असे आपले मत असल्यास, अँड्रॉइडचे सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळतील हे खरेदीपूर्वी नेमके कुठे तपासावे, तेही कृपया सांगावे.