उन्हाळ्यात नागपूरला, आजारी आजीकडे: अनुभव लिहा

धागाकर्ती
मे महिन्यात लेकरांना घेऊन मुंबई-पुण्याहून नागपूरला आजीकडे जाणारी घरं पुष्कळ. आजी हिंडती-फिरती असेल तर काही प्रश्न नाही. ती अंथरुणाला खिळलेली असली, की पाच-सहा माणसं एकदम येऊन पडणं तिलाही जड आणि तिचं सगळं करणाऱ्या मामीलाही. गाडी, कूलर, औषधं, खाणं, काहीही लिहा, फक्त नेमकं लिहा. आठवणींचा धागा वेगळा काढू.

अजनीकर
रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. जुने 120 दिवस 1 नोव्हेंबर 2024 पासून गेले. 10 मेची गाडी हवी तर 11 मार्चला सकाळी आठला तयार बसायचं. रात्री निघून सकाळी पोचवणारी गाडी बघा, विदर्भ किंवा दुरांतो. दिवसा स्लीपरने भुसावळच्या पुढे डब्याची भट्टी होते. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, 25 मेच्या आसपास लागतो, ते नऊ दिवस टाळता आले तर उत्तम.

समृद्धी महामार्गाने गाडी घेऊन येणाऱ्यांनी टायर बघून घ्या. बाजूला चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. हवा सकाळी, टायर थंड असताना, गाडीच्या दारावर लिहिलेल्या आकड्याइतकीच भरा. ‘उन्हाळा आहे, थोडी कमी ठेवू’ हे उलटं पडतं. कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि म्हणून जास्त तापतो.

इतवारीतला कूलरवाला
बाहेरून आलेले लोक हमखास करतात ती चूक: कूलर खोलीच्या आत ठेवून दारं-खिडक्या बंद करतात. कूलर म्हणजे एसी नाही जी. त्याची पाठ खिडकीबाहेर हवी आणि समोरचं दार चार बोटं उघडं. ओली हवा बाहेर गेली नाही, तर तासाभरात अंथरूण दमट आणि आजी घामेघूम.

झोत थेट अंगावर नको, भिंतीवर मारा. नव्या ताट्या (कूलरच्या बाजूंना लावायच्या भुशाच्या जाळ्या) बसवल्या की पहिले दोन-तीन तास आजीला दुसऱ्या खोलीत ठेवा, भुशाची धूळ उडते, दमेकऱ्याला खोकला लागतो. मोटर पाणी ओढत नसेल तर दहातल्या आठ वेळा तिच्या जाळीत ताटीचा भुसा अडकलेला असतो. आधी तो काढा, नवी मोटर नंतर.

आणि शॉक! पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी लेकरू. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. तीन पिनांचाच प्लग आणि घरात अर्थिंग असल्याची खात्री. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. वळवाचा पाऊस पडून हवा कोंदट झाली की मोटर बंद ठेवून नुसता पंखा चालवा.

रुग्णसेविका, धंतोली
हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलेलं असतं. नातवंडं प्रेमाने पन्ह्यावर पन्हं पाजतात आणि रात्री आजीला धाप लागते. दिवसाचं प्रमाण सकाळीच एका बाटलीत भरा. चहा, ताक, वरणाचं पाणी जेवढं दिलं तेवढं बाटलीतून काढून टाका. लघवीची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यातला डोस डॉक्टरांनाच विचारा, आपल्या मनाने बंद नको.

इन्सुलिनची चालू कुपी बाहेर साधारण 28 दिवस टिकते म्हणतात, पण ते 25-30 अंशांच्या आतल्या खोलीत. इथली खोली चाळिशीला टेकते. फ्रीजमध्येच ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. एकदा गोठलेली टाकून द्यायची. प्रवासातही बर्फाला टेकवू नका.

कूस दर दोन तासांनी बदला, रात्रीसुद्धा. माकडहाड आणि टाचा रोज बघा. लाल झालेली जागा चोळायची नाही, तिच्यावरचा भार काढायचा. हवेची गादी घेतली तरी कूस बदलणं सुटत नाही.

आजी बरळू लागली आणि अंग भाजतं आहे, तर 108 लावा. तोवर अंगावर साधं पाणी आणि जोरात पंखा. तापाची गोळी उष्माघाताच्या या तापाला लागू पडत नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

रामदासपेठवासी
भरवताना पाठ उभी, हनुवटी किंचित खाली, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर ज्वारीची आंबील सहसा सोपी जाते.

मामीला सुट्टी द्यायची असेल तर ‘काही मदत लागली तर सांग’ म्हणू नका, ती सांगणार नाही. रात्री दोन आणि चारची कूस आपण घ्यायची. औषधांचा कागद आधी तिच्याकडून लिहून घ्या.

धागाकर्ती
आजीला ऐकू कमी येतं, त्याचं काय करायचं?

रुग्णसेविका, धंतोली
कानातलं यंत्र कूलरची घरघरही मोठी करतं. बोलायचं असेल तेव्हा पाच मिनिटं कूलर बंद करा, तोंडासमोर बसा, आणि एका वेळी एकानेच बोला.