फौजींसाठी सरकारी खर्चानं मासिकं-पेपर काढायचे कशाला?

पऱ्हाटीवाला, मेहकर:
बाबांच्या काळ्या ट्रंकेत 'सैनिक समाचार'चे जुने मराठी अंक सापडले. संरक्षण मंत्रालयाचं पाक्षिक, 13 भाषांत निघणारं. सगळे चाळले. सलामी, पदकं, मंत्र्यांचे दौरे. एक जवान कुरकुरताना दिसला नाही. बोंडअळीच्या पाहणीले आमच्याकडं कोणी फिरकत नाही, अन् सरकार स्वतःच्या कौतुकावर कागद काळे करते. बंद करा, मोबाइल आहे न आता.

रिटायर हवालदार:
पोरा, मोबाइलचं आमाले नको सांगू. जुलै 2020 मध्ये फौजेनं 89 अ‍ॅप काढायला लावले. फेसबुक, इन्स्टाग्राम तं गेलेच, बातम्यांचं डेलीहंटही गेलं. वर बॉर्डरच्या पोस्टवर मराठीचं एक पान आलं तं चारचारदा वाचते माणूस. अन् 1909 पासून चालू आहे ते, तवा 'फौजी अखबार' म्हणत.

वऱ्हाडी वाचक:
काका, 1909 ले ते इंग्रजानं काढलं, साहेबाले पाहिजे तेच शिपायानं वाचावं म्हणून. जुनं आहे म्हणून चांगलं काय?
पण पऱ्हाटीभाऊ, बंद करणंही पटत नाही. अमेरिकेत 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' या फौजींच्या पेपरले संरक्षण खात्याचा पैसा मिळते, पण काय छापायचं ते संपादक ठरवत आला. दुसऱ्या महायुद्धात बिल मॉल्डिन नावाचा व्यंगचित्रकार त्यात दाढी वाढलेले, चिखलात लडबडलेले शिपाई काढायचा. अमेरिकन फौजेच्या जनरल पॅटननं बोलावून झापलं त्याले. पॅटनच्याही वरच्या सरसेनापती आयझेनहॉवरनं मात्र चित्रं थांबू दिली नाहीत.

पऱ्हाटीवाला, मेहकर:
अन् 2020 मध्ये तोच पेपर पेंटागॉननं, म्हणजे त्यांच्या संरक्षण खात्यानंच, बंद करायला काढला, वर्षाचे दीड कोटी डॉलर वाचवाले! खासदार ओरडले, मग ट्रम्पनं ट्विट केलं म्हणून वाचला. मर्जीवरच जगला न?

वऱ्हाडी वाचक:
700 अब्ज डॉलरच्या वरच्या बजेटात दीड कोटी म्हणजे पोत्यातले चार दाणे. खुपत होता म्हणूनच बंद करायला काढला असंल. आपलं पाक्षिक कोणाले खुपते काय, सांगा.

फौजीची घरवाली:
सासूबाईच्या पेन्शनच्या कागदात नावाची एक वेलांटी चुकली, आठ महिने हेलपाटे घालतो आहोत. असं पत्र छापायले त्यात एक पान ठेवा. मी पदरचे पैसे देऊन घेईन अंक.

रिटायर हवालदार:
तुमचं पत्र छापतीलही, ताई. पण नवऱ्यानं नका लिहू म्हणा. आर्मी रूल 21 आहे, नोकरीतल्या गोष्टीवर परवानगीबिगर पेपरात लिहिता येत नाही. अन् परवानगी ज्याच्याकडं मागायची, तक्रार त्याच्याचबद्दल असते बाप्पा.