विधी सीईटी (तीन वर्षे) : मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने इंग्रजीच्या ४० प्रश्नांची तयारी कशी करावी?

अमळनेरकर_वाणिज्य

नमस्कार. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षात असून तीन वर्षांच्या एलएल.बी. अभ्यासक्रमासाठी राज्याची सीईटी देणार आहे. सध्याच्या आराखड्यानुसार १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवायचे असून त्यांत इंग्रजीचे ४०, सामान्य ज्ञानाचे ३२ आणि विधी अभियोग्यता (कायद्याची जाण तपासणारा विभाग) व तर्कक्षमता यांचे प्रत्येकी २४ प्रश्न असतात. प्रश्नपत्रिका मराठीतून घेता येत असली तरी इंग्रजीचा विभाग अर्थातच इंग्रजीतच राहतो, म्हणजे एक तृतीयांश गुण ज्या भाषेवर अवलंबून आहेत तीच माझी सर्वांत कच्ची भाषा आहे. आमच्या घरी अहिराणी बोलतात, शिक्षण सगळे मराठीत झाले, आणि इंग्रजीचा उतारा वाचायला मला तीन-चार मिनिटे लागतात. त्यातही मला समजलेला अर्थ बरोबर आहे की नाही, याची खात्री नसते.

घरचे म्हणतात की पुण्याला जाऊन क्लास लावावा. मला मात्र येथील अभ्यासिकेत बसून तयारी करणे शक्य वाटते. एका वकिलांकडून मिळालेली दोन जुनी मार्गदर्शक पुस्तके माझ्याजवळ आहेत. ती पुरेशी आहेत का, आणि इंग्रजीसाठी नेमके काय वाचावे, हे अनुभवी सदस्यांनी सांगावे ही विनंती.

रावेरचा_वकील

आपण जुन्या पुस्तकांचा उल्लेख केला आहे, म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहितो. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आहे. दंड संहितेत ५११ कलमे होती, न्याय संहितेत ३५८ आहेत, आणि क्रमांक जवळजवळ सगळे बदलले आहेत. खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ झाले असून फसवणुकीचे ४२०, जे आपल्याकडे शिवीसारखे वापरले जाते, ते आता ३१८(४) मध्ये सापडेल. आम्ही वकील मंडळी १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांसाठी जुनीच कलमे वापरतो, त्यामुळे दोन्ही क्रमांक आमच्या तोंडी असतात. परीक्षार्थ्याने मात्र नव्या क्रमांकांपासून सुरुवात करावी. आपल्या पुस्तकांतील संविधान, करार आणि अपकृत्य (ज्यासाठी नुकसानभरपाई मागता येते असे दिवाणी स्वरूपाचे गैरकृत्य) यांचे भाग खुशाल वापरा, फौजदारी कायद्याचा भाग बाजूला ठेवा.

आता इंग्रजी. माझे मत असे आहे की कायद्याच्या विद्यार्थ्याने इंग्रजी आणि विधी अभियोग्यता यांचा अभ्यास वेगवेगळा करूच नये. १८७२ चा भारतीय करार अधिनियम घ्या आणि त्याची पहिली तीस कलमे वाचा. इंग्रजी पाठ शासनाच्या इंडिया कोड या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. या कायद्याचे वैशिष्ट्य असे की अनेक कलमांच्या खाली मसुदाकारांनीच छोटी उदाहरणे दिली आहेत. कोणतेही प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात मिळणारा मोबदला, नसताना ‘अ’ने ‘ब’ला एक हजार रुपये देण्याचे वचन दिले, तर तो करार शून्य, म्हणजे कायद्याने अंमलात न आणता येणारा, आहे, असे कलम २५ खालील उदाहरण आहे. ‘अ’ने पत्राने घर विकण्याचा प्रस्ताव पाठवला, तर ‘ब’च्या हाती पत्र पडते तेव्हा प्रस्तावाचे संप्रेषण पूर्ण होते, हे कलम ४ खालील. वाक्ये दोन-तीन ओळींची, शब्द साधे, आणि प्रत्येक उदाहरण म्हणजे आधी तत्त्व व मग वस्तुस्थिती देणाऱ्या परीक्षेतील प्रश्नाचाच नमुना. कलम वाचल्यावर उदाहरणाचा निष्कर्ष हाताने झाकावा, स्वतः उत्तर द्यावे आणि मग हात काढावा. रोज पाच उदाहरणे केली तरी वाचनाचा वेग आणि विधी अभियोग्यता ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात.

शब्दांच्या बाबतीतही याचा उपयोग होतो. ‘कन्सिडरेशन’ या शब्दाचा अर्थ शाळेत विचार किंवा आस्था असा शिकवतात, करारात तो प्रतिफल होतो. ‘मायनर’ म्हणजे किरकोळ, आणि कायद्यात अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती. उतारा आणि समानार्थी शब्द सोडवताना पहिला अर्थ लागतो, विधी विभागात दुसरा. दोन्ही अर्थ समोरासमोर लिहिलेली वही मी विद्यार्थिदशेत केली होती व ती आजही माझ्या टेबलावर असते, हे जरा अभिमानानेच सांगतो.

धुळ्याची_द्वितीय_वर्ष

वकीलसाहेबांच्या सूचनेशी मी सहमत आहे, पण एक सावधगिरी सुचवते. तत्त्व आणि वस्तुस्थितीच्या प्रश्नात आपले मन न्यायाधीश होऊ पाहते, आणि तेथेच गुण जातात. समजा, सतरा वर्षांच्या मुलाने केळीच्या बागेचा सौदा करून व्यापाऱ्याकडून इसार घेतला आणि नंतर माल दिला नाही. व्यापाऱ्याचे नुकसान झाले म्हणून आपल्याला वाईट वाटते. परंतु अज्ञान व्यक्तीशी केलेला करार शून्य असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) १९०३ मध्ये मोहरी बीबी प्रकरणात स्पष्ट केले आहे, त्यामुळे व्यापाऱ्याला त्या कराराच्या आधारे दावा करता येणार नाही. तसेच, भरिताच्या चांगल्या चालणाऱ्या दुकानासमोर दुसऱ्याने स्वस्त भरीत विकायला सुरुवात केली, तर पहिल्याचे गिऱ्हाईक तुटते, पण त्याच्या कायदेशीर हक्काचा भंग होत नाही; लॅटिनमध्ये यालाच ‘डॅम्नम साइन इंज्युरिया’ म्हणतात. प्रश्नातील तत्त्व प्रत्यक्ष कायद्याहून वेगळे वाटले तरी दिलेल्या तत्त्वालाच धरून राहावे.

सामान्य ज्ञानासाठी मी मराठी वृत्तपत्रच वाचले आणि न्यायालयांच्या बातम्यांची कात्रणे वेगळी ठेवली. निवडणूक रोख्यांची योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द झाली. अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला त्याच वर्षीच्या १ ऑगस्टला सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने मान्यता दिली. कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले. आपले जळगाव, धुळे व नंदुरबार हे तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाकडे येतात हेही माझ्या वर्गातील काहींना ठाऊक नव्हते, याचे मला नवल वाटले.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅट या प्रवेश परीक्षेत पाव गुण कापला जातो. तेथील सराव संच सोडवून काहींना प्रश्न सोडून देण्याची सवय लागते आणि ती येथे महागात पडते.

भुसावळ_जंक्शन

क्लासबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. मी पुण्यातील एका क्लासला पैसे भरले. तेथे मिळालेल्या टिपणांत नव्या संहितांचा पत्ताच नव्हता, आणि विचारल्यावर ‘परीक्षेला एवढे खोलात येत नाही’ असे उत्तर मिळाले. तरीही तेथे दर रविवारी संगणकावर घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवावा लागत असे, आणि माझी प्रगती झाली ती केवळ त्यामुळे. अभ्यासिकेत हे कोणी करून घेत नाही. तेव्हा घरी राहायचे असेल तर किमान एक सोबती शोधावा आणि उन्हाळ्यात दुपारी, वीज असो वा नसो, दोघांनी दोन तास सलग बसून पेपर सोडवावा.

माझाही एक प्रश्न आहे. माझ्या मोठ्या भावाने बारावी न करता पूर्वतयारी अभ्यासक्रमातून मुक्त विद्यापीठात प्रवेश घेऊन पदवी मिळवली. त्याला ही परीक्षा देता येईल का?

रावेरचा_वकील

येथे अडचण आहे. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार दूरस्थ पद्धतीने बारावी किंवा पदवी केलेला विद्यार्थी पात्र ठरतो, परंतु मूळ पात्रता नसताना थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्याला प्रवेश मिळत नाही. बारावी असेल आणि नंतर मुक्त विद्यापीठाची पदवी असेल, तर त्या कारणाने हरकत येऊ नये. पदवीला सर्वसाधारण प्रवर्गासाठी ४५, इतर मागासवर्गासाठी ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. आपल्या भावाने परीक्षेचे शुल्क भरण्यापूर्वी कागदपत्रे घेऊन जळगावच्या मणियार विधी महाविद्यालयात किंवा अन्य जवळच्या विधी महाविद्यालयात चौकशी करावी. आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांनी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्जही आत्ताच करावा. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्यावर समितीच्या दारात उभे राहून उपयोग होत नाही.

अमळनेरकर_वाणिज्य

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. काल रात्री करार अधिनियमाची पहिली दहा कलमे वाचली. कलम ४ आणि ५ मधील स्वीकृती मागे घेण्याचा भाग दोनदा वाचूनही डोक्यात शिरला नाही. तिसऱ्यांदा उदाहरणातील ‘अ’ आणि ‘ब’च्या जागी मी स्वतः व आमच्या गल्लीतील किराणा दुकानदार यांना ठेवले, तेव्हा लख्ख समजला. भुसावळकर दादांनी सांगितलेला सोबती वर्गातच मिळाला असून रविवारी दुपारी पहिला पूर्ण पेपर सोडवणार आहोत. इंग्रजीत ४० पैकी किती आले, ते येथे कळवतो.