‘स्टॅगर’ : भेलकांडणे, चक्रावणे आणि आगेमागे ठेवणे

‘स्टॅगर’ या इंग्रजी क्रियापदाला मराठीत काय म्हणावे असे विचारले, की ‘अडखळणे, लटपटणे, डगमगणे, झोकांड्या खाणे’ अशी एक माळ सहसा पुढे केली जाते. यांतला प्रत्येक शब्द अस्थिर हालचाल दाखवतो हे खरे असले, तरी प्रत्येकाची हालचाल वेगळी आहे, आणि ‘स्टॅगर’ची हालचाल यांपैकी एकाशीच नीट जुळते. शिवाय कचेऱ्यांच्या वेळा ‘स्टॅगर’ केल्या, असे वाक्य समोर आले की ही सारी माळ निरुपयोगी ठरते, कारण वेळा काही झोकांड्या खात नाहीत.

प्रथम मूळ अर्थ पाहू. चालणाऱ्याच्या अंगातला तोल गेलेला आहे, पाय एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला पडत आहेत, तो पडतो की काय असे क्षणोक्षणी वाटते, पण तो पडत नाही आणि पुढे सरकत राहतो, असे हे चालणे आहे. दारू, जखम, अतिश्रम, पाठीवरचे न झेपणारे ओझे किंवा अंगावर बसलेला तडाखा, अशी त्याची कारणे असतात. म्हणजे कारण शरीरात किंवा शरीरावर असते, वाटेत नसते. ‘अडखळणे’ इथेच बाद होते. अडखळायला पायात काहीतरी यावे लागते, दगड, उंबरा, नाहीतर स्वतःच्याच धोतराचा सोगा. त्याला इंग्रजीत ‘स्टंबल’ हा वेगळा शब्द आहे. अडखळणे एका क्षणात आटोपते, ‘स्टॅगर’ करणे मात्र चालू राहते.

‘लटपटणे’ हे पायांचे, त्यातही गुडघ्यांचे काम आहे. भीतीने पाय लटपटतात आणि माणूस जागचा हलतही नाही. ‘डुगडुगणे’ हे टेबलाचे किंवा पडायला आलेल्या दाताचे. ‘डगमगणे’ होडीला शोभते, पण माणसाच्या बाबतीत ते हल्ली बहुधा मनाच्या निश्चयाविषयीच वापरले जाते. ‘लडखडणे’ सध्या वाचनात बरेच येते. ते हिंदीच्या वाटेने शिरले आहे आणि आपल्याकडे त्याची जागा रिकामी नव्हती, असे मला वाटते. ती जागा ‘भेलकांडणे’ या शब्दाची आहे. बाजूला झुकणे, सावरणे, पुन्हा झुकणे आणि तरीही पुढे जाणे, हे सारे त्यात आहे. ‘तो भेलकांडत दारापर्यंत आला’ असे म्हटले की दुसरे विशेषण लागत नाही. ‘झोकांडी’ हे त्यातल्या एका झुकण्याचे नाव. म्हणून ठोसा बसून एकदाच तोल गेला तर ‘झोकांडी गेली’, आणि तसे वारंवार होत राहिले तर ‘झोकांड्या खात’. ‘हेलपाटणे’ही जवळचे आहे, पण त्यात थकव्याची आणि ओझ्याची छटा अधिक आहे, झिंगेची कमी.

तरीही ‘भेलकांडणे’ सर्वत्र चालेल असे नाही. बसलेला किंवा पडलेला माणूस ‘स्टॅगर’ करून उभा राहिला, असे इंग्रजीत नेहमी लिहितात. तिथे भेलकांडायला अजून चालच सुरू झालेली नाही. तिथे मराठीत माणूस ‘धडपडत’ उभा राहतो, किंवा ‘कसाबसा तोल सावरत’ उभा राहतो.

शब्दाची व्युत्पत्ती इथे उपयोगी पडते. प्राचीन नॉर्स भाषेत ढकलणे या अर्थाचा ‘स्टाका’ हा धातू होता; त्यापासून पुन्हा पुन्हा ढकलले जाण्याचा भाव असलेले ‘स्टाक्रा’ हे रूप झाले आणि ते मध्ययुगीन इंग्रजीत उतरले. शब्दाच्या शेवटचा ‘अर’ हा तो पुनरावृत्तीचा खुणावणारा अवशेष आहे, आणि तो लुकलुकण्याच्या ‘फ्लिकर’मध्येही दिसतो. मराठी हेच काम ध्वनीची जोडी लावून करते : लटपट, डगमग, डळमळ, धडपड. दोन भाषांनी एकाच गरजेसाठी काढलेल्या या दोन वाटा मला मोठ्या मौजेच्या वाटतात.

याच हालचालीवरून गुराढोरांच्या आणि घोड्यांच्या काही आजारांना इंग्रजीत ‘स्टॅगर्स’ असे अनेकवचनी नाव पडले आहे. कोवळे, हिरवेगार गवत भरपूर खाणाऱ्या गाईंच्या रक्तात मॅग्नेशियमची कमतरता झाली की त्यांची चाल बिघडते, स्नायू थरथरतात आणि वेळीच उपचार न झाल्यास जनावर दगावते. त्याला ‘ग्रास स्टॅगर्स’ म्हणतात. भाषांतरात इथे ‘गवताच्या झोकांड्या’ करण्याचा मोह टाळावा आणि मॅग्नेशियमच्या कमतरतेचा आजार असे सरळ लिहावे.

दुसरा अर्थ मनाचा आहे आणि तो सोळाव्या शतकापासून इंग्रजीत रूढ आहे. बातमी ऐकून माणूस ‘स्टॅगर’ होतो, म्हणजे तडाखा शरीराऐवजी बुद्धीला बसतो. मराठीत यासाठी ‘चक्रावणे’ फार समर्पक आहे, कारण त्यातही मूळची प्रतिमा शरीर गरगरण्याचीच आहे. ‘पायाखालची जमीन सरकणे’ ऐकायला जवळचे वाटते, परंतु ते केवळ वाईट बातमीला लागू पडते. इंग्रजी शब्दाला मात्र बातमीच्या बरेवाईटपणाशी कर्तव्य नाही, तिच्या आकाराशी आहे. म्हणून ‘स्टॅगरिंग’ रकमेला ‘धक्कादायक रक्कम’ म्हणणे मला पटत नाही. धक्कादायक म्हटले की घोटाळ्याचा वास येतो. देणगीची रक्कमही ‘स्टॅगरिंग’ असू शकते, आणि ती ‘चक्रावून टाकणारी’ किंवा ‘थक्क करणारी’ म्हणावी.

तिसरा अर्थ सर्वांत अवघड, आणि तोच आज रोजच्या वापरात सर्वांत जास्त आहे. भेलकांडणाऱ्याची पावले एका रेषेत पडत नाहीत, आळीपाळीने डावीउजवीकडे पडतात. या चित्रावरून १८५०च्या दशकात इंग्रजीत एक तांत्रिक अर्थ निघाला : वस्तू मुद्दाम एका रेषेत न ठेवता आळीपाळीने सरकवून मांडणे. हालचाल गेली, अस्थिरताही गेली, उरली फक्त पावलांची नक्षी. विजेवरच्या रेल्वेची वरची तार रुळांच्या मध्यावरून सरळ न नेता खांबागणिक किंचित डावीकडे आणि किंचित उजवीकडे ओढलेली असते, आणि त्या अंतरालाच ‘स्टॅगर’ म्हणतात. तसे केले नाही, तर गाडीच्या टपावरची कार्बनची पट्टी एकाच जागी घासून तिला खाच पडेल. विटांच्या भिंतीत खालच्या थराचा उभा सांधा वरच्या थराच्या सांध्याखाली येऊ देत नाहीत, ही मांडणीही ‘स्टॅगर्ड’च, मराठीत तिला ‘सांधे मोडून’ बांधणे म्हणता येते.

धावण्याच्या शर्यतीत हा शब्द आणखी पुढे जातो. ४०० मीटरच्या शर्यतीत बाहेरच्या मार्गिकेचे वळण मोठे पडते, म्हणून बाहेरच्या धावपटूला तेवढे पुढे उभे करतात. मार्गिकेची रुंदी १.२२ मीटर असते. पहिल्या मार्गिकेचे अंतर आतल्या कठड्यापासून ३० सेंटिमीटरवर आणि बाकीच्यांचे आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटरवर मोजतात, म्हणून दुसऱ्या मार्गिकेतला धावपटू ७.०४ मीटर पुढे असतो आणि त्यापुढची प्रत्येक मार्गिका आणखी ७.६७ मीटरने पुढे सरकते. इथे डावेउजवे राहिलेच नाही, केवळ पुढेमागे उरले.

स्थळातले हे पुढेमागे काळात नेले, की ‘स्टॅगर्ड’ कामाच्या वेळा तयार होतात. याचे भाषांतर सर्रास ‘टप्प्याटप्प्याने’ असे होते, आणि ते चूक आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ‘कार्यालये टप्प्याटप्प्याने सुरू होतील’ या वाक्यातून काही कार्यालये या महिन्यात आणि काही पुढच्या महिन्यात उघडतील असे कळते. सांगायचे असते ते इतकेच, की काहींचे काम रोज नऊला आणि काहींचे दहाला सुरू होईल. एकच काम भागाभागाने पुरे करणे म्हणजे टप्पे. अनेक कामांच्या सुरुवाती एकमेकींपासून सरकवणे म्हणजे ‘स्टॅगर’. ‘पाळीपाळीने’ही बसत नाही, कारण पाळीत एक संपल्यावर दुसरा येतो आणि इथे सर्वांचे काम बराच वेळ एकत्र चालू असते. अशा ठिकाणी बोलण्यातला साधा ‘आगेमागे’ मला सर्वांत योग्य वाटतो : ‘कामाच्या वेळा आगेमागे ठेवल्या’, ‘आरंभरेषा आगेमागे आखल्या’. तो स्थळालाही चालतो आणि काळालाही. फक्त ‘थोडेसे आगेमागे होईल’ या बोलण्यात तो बेशिस्त सुचवतो, म्हणून औपचारिक लेखनात ‘ठरवून आगेमागे’ असे लिहिलेले बरे.

व्याकरणाची एक अडचण उरते. इंग्रजी शब्द सकर्मकही आहे आणि अकर्मकही. ‘भेलकांडणे’ मात्र अकर्मकच आहे, आणि ‘भेलकांडवणे’ कोणी म्हणत नाही. त्यामुळे ठोशाने त्याला ‘स्टॅगर’ केले, हे वाक्य ‘ठोसा बसताच तो भेलकांडला’ असे उलटवून घ्यावे लागते. कर्मणी रूपात तर इंग्रजी स्वतःच संदिग्ध होते : धावपटू ‘स्टॅगर्ड’ होते, एवढेच लिहिले असेल, तर ते निकाल पाहून चक्रावले होते की सुरुवातीला आगेमागे उभे होते, हे पुढचे वाक्य वाचल्याशिवाय सांगता येत नाही.