मदत हवी आहे: घरच्या गव्हाचा पाव ओव्हनमध्ये खाली बसतो. दोष वाणाचा की उन्हाचा?

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, घरूनच पाव आणि ब्रेड करून विकते. सासरचं शेत कुहीकडे आहे. आपल्याच शेतातल्या गव्हाचा पाव लोकांना द्यावा ही माझी दोन वर्षांपासूनची इच्छा आहे, पण जमत नाहीये.

गहू लोकवन. पोळ्या अप्रतिम होतात, संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. पाव मात्र परातीत छान फुगतो आणि ओव्हनमध्ये गेला की खाली बसतो. तेच यीस्ट, तोच ओव्हन, आणि विकतच्या मैद्याचा पाव उत्तम होतो.

म्हणून कणीक धुऊन पाहिली. १०० ग्रॅम पिठाचा गोळा अर्धा तास भिजवून ठेवला आणि पाणी नितळ येईपर्यंत धुतला, म्हणजे मागे फक्त प्रथिनांचा चिकट गोळा उरतो. मैद्याचा चिकट गोळा ताणून सोडला की रबरासारखा परत येतो. आमच्या गव्हाचा लिबलिबीत, नुसता लांबत जातो आणि तुटतो. बन्सीचाही (कडक दाण्याचा गहू) करून पाहिला. गोळा मोठा निघाला, पण ताणताच फाटला.

वाचून कळलं ते असं: ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही गव्हातली दोन प्रथिनं; ग्लायडिनमुळे कणीक लांबते, ग्लुटेनिनमुळे ती परत ओढली जाते. मोठ्या ग्लुटेनिनची जनुकं १ए, १बी आणि १डी या गुणसूत्रांवर असतात. १डी वर '५+१०' ही जोडी (हे ग्लुटेनिनच्या प्रकारांचे क्रमांक) असली तर कणकेला जोर येतो, '२+१२' असली तर कमी. बन्सीत डी गुणसूत्रंच नसतात (२८ गुणसूत्रं, साध्या गव्हाची ४२), म्हणजे ही जोडी मुळातच नाही. हे वाचलं तेव्हा त्या फाटलेल्या गोळ्याचा अर्थ लागला.

आता प्रश्न. आमच्या बियाण्यात कोणती जोडी आहे हे कसं कळेल? की पेरणी उशिरा होते हे कारण आहे? पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटून मग गहू पेरतात, त्यामुळे डिसेंबर अर्धा उलटतो. दीर म्हणतात, वाण बदलू. पण चुकीचं बियाणं घेतलं तर त्यांचा अख्खा हंगाम जाईल, म्हणून जपून विचारतेय.

प्रतिसाद १
ताई, वाण बदलायची घाई करू नका. डिसेंबरात पेरलेल्या गव्हाचा दाणा फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये भरतो, आणि तेव्हा आपल्याकडे पारा ३५ च्या वर जातो. अशा उष्णतेत ग्लायडिन तयार होत राहतं, मोठ्या ग्लुटेनिनच्या साखळ्या मात्र नीट जुळत नाहीत. प्रथिनं भरपूर दिसूनही कणीक ढिली पडते. प्रथिनं किती हे बरंचसं नत्र आणि हवामान ठरवतं, ती कशी हे जास्त करून जनुकं. तेच बियाणं शेतातल्या दोन ओळींत पेरून बघा, एक ओळ नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि दुसरी नेहमीच्या वेळी. दोन्हींचं पीठ धुतलं की उत्तर हातात.

कोणती जोडी आहे हे पाहायला प्रयोगशाळेत जेलवर प्रथिनांच्या पट्ट्या पाडतात. त्याला अर्धा दाणा पुरतो, अंकुर असलेला उरलेला अर्धा पेरताही येतो.

प्रतिसाद २
पीठ बारीक चाळणीने चाळता का? कोंड्याचे कण कणकेतले पापुद्रे कापतात. मैद्याशी तुलना करायची तर आधी कोंडा काढा. आणि जोरदार कणकेच्या गव्हाची पोळी वातड होऊ शकते, तेव्हा घरच्या खाण्यापुरता लोकवन राहू द्या.

धागालेखिका
दादा, कोंड्याचं खरंच लक्षात आलं नव्हतं. आज चाळून केला, थोडा कमी बसला, पण बसलाच. दीर एक ओळ लवकर पेरायला तयार झालेत, विहिरीजवळची, तिथे यंदा कपाशी नसेल. अर्ध्या दाण्याची चाचणी नागपूर किंवा अकोल्यात कोणी करून घेतली असेल तर कृपया सांगा, दाणे मी स्वतः आणून देईन.